माहेरचं माप

मावसभावाच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा ब्लाउज शिवायला टाकायला मी मिरजेला आमच्या जुन्या शिंपीमामांकडे गेले. डोंबिवलीत शिंपी नाहीत असं नाही. पण तिथला शिंपी टेप दोनदा लावून बघतो, आणि दुसऱ्यांदा लावताना माझ्या तोंडाकडे बघतो. मामा तसं करत नाहीत. या वेळी तर त्यांनी गळ्यातली टेप काढलीच नाही. मला दारात बघितलं, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, फळीवरची कळकट वही काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि म्हणाले, "तुमच्या आईंचं अठ्ठ्याण्णव सालचं माप आहे. तेच लावतो. दंडाला अर्धा इंच जास्त धरतो."

अठ्ठ्याण्णव साली माझं लग्न झालं. आई तेव्हा बावन्न वर्षांची होती. मी यंदा बावन्न.

"आणि आत टिपा किती घालू, हे विचारत नाही," मामा वही मिटत म्हणाले. "तुमच्या घराला तीन."

बाकीच्या गिऱ्हाइकांच्या ब्लाउजला आतून दोन टिपा असतात, पुढेमागे उसवून ढिला करता यावा म्हणून. आमच्या घराण्यातल्या बायकांना तीन. एक यंदाची, एक दिवाळीनंतरची, आणि एक देवाच्या मनात असेल तेव्हाची. मामांच्या वडिलांनी माझ्या आजीसाठी हा नियम घालून दिला होता. आजी, आई, चार मावश्या आणि आम्ही सात मावसबहिणी त्या वहीत ओळीने नोंदलेल्या आहेत. मामांचं शिक्षण सातवीपर्यंत झालं, पण आनुवंशिकतेवरचा एवढा सलग दस्तऐवज मिरजेतल्या कुठल्याही इस्पितळात नसेल.

अशी वही लंडनमध्येही आहे. सेंट जेम्स स्ट्रीटवर 'बेरी ब्रदर्स' नावाचं दारूचं दुकान आहे, पूर्वी तिथे कॉफीही विकायचे. कॉफीची पोती तोलायच्या मोठ्या तराजूत बसून वजन करून घ्यायची तिथल्या उमरावांना हौस होती, आणि १७६५ पासून दुकानदार ती वजनं वहीत टिपून ठेवत होते. फ्रान्सिस गाल्टन हे डार्विनचे आतेमामेभाऊ. त्यांना मोजण्याचं वेड होतं, दिसेल ते मोजायचे. त्यांनी ती वही मागून घेतली आणि १८८४ साली तीन पिढ्यांतल्या उमरावांच्या वजनांवर निबंध लिहिला. त्याच साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात तीन-तीन पेनी घेऊन ९,३३७ लोकांची मापंही काढली. लोक पैसे देऊन माप काढून घेत होते! आमच्या मावश्यांना तीन पेनी उलट दिल्या असत्या, तरी त्या काट्यावर चढल्या नसत्या.

गाल्टननी पुढे २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं यांच्या उंचीचा हिशेब मांडला. त्यात बायकांच्या उंचीला १.०८ ने गुणून त्यांना कागदावर पुरुष करून घेतलं, म्हणजे आकडेमोड सोपी. (बाईला हिशेबात धरण्याची ही पद्धत आमच्याकडेही आहे, फक्त आमच्याकडे गुणण्याऐवजी भागतात.) निष्कर्ष असा निघाला, की फार उंच आईबापांची मुलं उंच असतात पण त्यांच्याइतकी नाहीत, आणि बुटक्यांची मुलं बुटकी पण तितकी नाहीत. जो तो थोडाथोडा मधल्याकडे सरकतो. हे मी मामांना सांगितलं. मामांनी वहीवर हात ठेवला. "उंचीचं असेल. रुंदीचं तसं काही दिसत नाही."

मराठीत या रुंदीला वयाप्रमाणे नावं बदलत जातात. सहा महिन्यांची असताना ते बाळसं असतं. तिसऱ्या वर्षी पोर गुटगुटीत असते, आणि सुदृढ बालक स्पर्धेत तिला स्टीलची वाटी मिळते. शाळेत ती थोराड. लग्नाला आली की अंगाने भरलेली. बघायला आलेले फार सभ्य असले, तर खात्यापित्या घरची. पहिल्या बाळंतपणानंतर 'जरा सुटली'. चाळिशीत तिला 'प्रकृती' असते. आणि मग एक दिवस गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जावं, तर ते कागदावर सरळ 'वजन' असं लिहितात. तेव्हा उलगडा होतो, की इतकी वर्षं सगळे एकाच वस्तूबद्दल बोलत होते.

माझ्या माहेरी मात्र 'वजन' हा शब्द धान्यालाच वापरायचे. माणसांची 'हाडं जड' असायची. १९८५ सालच्या मुंजीचा एक फोटो आहे. फोटोग्राफर तीनदा मागे सरकून हौदाला टेकला आणि म्हणाला, "मागच्या रांगेतल्यांनी जरा आडवं उभं राहा." मागची रांग आडवी उभी राहिली. काही फरक पडला नाही. रविवारी सगळे गाडी करून नरसोबाच्या वाडीला जायचे. दर्शन होईपर्यंत दम निघायचा, मग बासुंदी, येताना कवठाची बर्फी, आणि घरी कुणी उपाशी झोपायला नको म्हणून रात्री भडंग. बासुंदीची दुसरी वाटी उचलताना मोठी मावशी सुस्कारा सोडून म्हणायची, "आपल्या घराण्यातच आहे गं ते." खाण तशी माती. घराण्यात बासुंदी होती की बासुंदीत घराणं होतं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. तोंडं रिकामी नव्हती.

आणि अशा घरातून मी सासरी आले.

सासरचे मूळ रत्नागिरीकडचे, तीन पिढ्या डोंबिवलीत. सगळे काटक. सासूबाईंचा पदर खांद्यावर टिकत नाही, कारण खांदा म्हणून जे काही लागतं तेच तिथे नाही. मोठे दीर गर्दीच्या लोकलमध्ये चढतात तेव्हा आतल्या कुणाला कळत नाही. पण मला धसका बसला तो त्यांच्या आकाराचा नव्हे, तर खाण्याच्या पद्धतीचा. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याने अर्धी बाकरवडी खाल्ली, उरलेली अर्धी बशीत ठेवली, फोन आला म्हणून उठला, आणि विसरला. अर्धी बाकरवडी विसरणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. आमच्याकडे फोन थांबायचा.

सासूबाईंना माझी काळजी नव्हती. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे त्यांचं तत्त्वज्ञान. "आमच्या हातचं खाऊन वर्षभरात सडसडीत होशील बघ." तेव्हापासून कुळथाचं पिठलं, मऊभात, आणि फोडणीला पळीच्या टोकाने मोजलेलं तेल असं मी सत्तावीस वर्षं खाते आहे. या सत्तावीस वर्षांत चौदा किलो वाढले. दिवाळीत माहेरी गेले की आई दारातच तोंडावरून हात फिरवते. "वाळलीस गं. तिकडे खायला घालतात ना?"

हा प्रयोग माझ्यावर होण्याआधीच डेन्मार्कात रीतसर करून झाला होता, हे मला फार उशिरा कळलं. लग्न होऊन सासरी जाणं म्हणजे मोठेपणी दिलेलं दत्तकच. दत्तक आपल्याला नवीन नाही. नाशिककडच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा गोपाळ १८७५ साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. पण दत्तक गेलेल्याला आपण राज्य काय मिळालं ते विचारतो, कमरेचा घेर विचारत नाही. डॅनिश लोक विचारतात. त्यांच्याकडे दत्तक मुलांची पद्धतशीर नोंद असते. अमेरिकेचे मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड आणि कोपनहेगनचे थोर्किल्ड सोरेन्सन यांनी त्या नोंदीतून ५४० मोठी झालेली दत्तक माणसं निवडली. बारीक, मध्यम, जाड आणि फार जाड असे चार ढीग केले. मग त्यांचे जन्मदाते आईबाप आणि वाढवणारे आईबाप, दोघांची वजनं ताडून पाहिली. १९८६ साली निकाल छापला. दत्तक मुलांचं वजन जन्मदात्यांच्या वजनाबरोबर चढत-उतरत होतं. ज्यांच्या ताटात जेवून ती वाढली, त्यांच्या वजनाशी काही संबंध दिसला नाही.

काही नाही! मी ते दोनदा वाचलं. तान्हेपणापासून ज्यांनी भरवलं, त्यांचा जर ठसा उमटत नाही, तर पंचविसाव्या वर्षी दाखल झालेल्या मला सासूबाईंचं पिठलं काय करणार होतं? वाईट वाटलं ते त्यांच्यासाठी. सत्तावीस वर्षं त्या तेल मोजत होत्या.

या अभ्यासातली एक युक्ती मला फार आवडली. आईबाप हयात नसले तर त्यांची वजनं कुठून आणायची? म्हणून संशोधकांनी अगदी काडीसारख्यापासून भोपळ्यासारख्यापर्यंत नऊ-नऊ चित्रं काढली आणि मुलांना विचारलं, तुमची आई यातली कितवी? ही चित्रं मी आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला मोबाइलवर दाखवली. अकरा बायकांनी आपापल्या आईसाठी तिसऱ्या-चौथ्या चित्रावर बोट ठेवलं. सासूसाठी बहुतेक बोटं आठव्या-नवव्यावर पडली. डॅनिश लोक प्रामाणिक असावेत.

दोन पोरं झाली तेव्हा प्रयोगाचा दुसरा भाग सुरू झाला. एकच तवा, एकच कणीक, एकच डबा. मुलगा उंच, सडपातळ. शाळेत असताना पँट कमरेवर राहावी म्हणून मुंज्याला सुतळी बांधावी तशी नाडी बांधावी लागायची. लेक माझ्यासारखी. खाण दोघांना सारखीच मिळाली, पण आईबापांचे पत्ते दर वेळी नव्याने पिसले जातात आणि दोघांकडून निम्मे-निम्मे येतात, त्यामुळे भावंडांच्या हातातले डाव वेगळे पडतात. सासूबाईंनी ही वाटणी निराळ्या कायद्याने केली. मुलगा 'आमच्यावर गेलाय.' लेकीचं 'तुमच्याकडचं आलंय.' लेकीला गणितात पैकीच्या पैकी मिळाले, त्या दिवशी मात्र ती संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडची होती.

निम्मे पत्ते सोडा, ज्यांचे सगळेच पत्ते सारखे त्या जुळ्यांचं काय? हिंदी सिनेमाने याचं उत्तर आधीच दिलं होतं. 'सीता और गीता' १९७२ सालचा. एकीला चाचीने उपाशी ठेवून राबवलं, दुसरी रस्त्यावर डोंबाऱ्याचे खेळ करत वाढली, आणि दोघींना एकमेकींचे कपडे फिट. आम्ही हसलो होतो, म्हटलं हेमामालिनी एकच, म्हणून. स्वीडनमध्ये वेगवेगळ्या घरांत वाढलेली खरीखुरी एकसारखी जुळी शोधून काढली, ९३ जोड्या. त्यांची वजनं, म्हणजे उंचीच्या हिशेबात बसवलेली वजनं, एकमेकांशी इतकी जुळली की एका घरात वाढलेल्या जुळ्यांपेक्षा फारसा फरक राहिला नाही. १९९० साली हे छापून आलं. तेव्हा कुंभमेळ्यात हरवलेल्या भावाला लॉकेट, गाणं नाहीतर दंडावरचं गोंदण यावरून ओळखायची गरज नाही. पँटचं माप विचारावं.

त्याच वर्षी कॅनडातल्या क्वेबेकच्या क्लॉड बुशार यांचा जो प्रयोग छापून आला, तो आपल्याकडे फुकट झाला असता. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या बारा जोड्या आणल्या आणि शंभर दिवसांतले ८४ दिवस त्यांना भुकेपेक्षा रोज १,००० कॅलरी जास्त खायला घातल्या. आपल्याकडे याला अधिक महिन्यातला जावई म्हणतात. फरक एवढाच, की तिथे अनारसे नव्हते आणि सासू वजन लिहून घेत होती. सगळ्यांना आग्रह तेवढाच, पण एकाचं वजन ४.३ किलोने वाढलं तर दुसऱ्याचं १३.३ किलोने. आणि भाऊ-भाऊ मात्र आसपासच राहिले. एकाच्या पोटावर चढलं, तर दुसऱ्याच्याही पोटावरच.

माझी आजी म्हणायची, काहींच्या अंगाला लागतं, काहींच्या लागत नाही. हे वाक्य मी एका आहारतज्ज्ञ बाईंना सांगितलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवून, लहान मुलाला समजवावं तसं, कॅलरी आत आणि कॅलरी बाहेर असं दोन्ही हातांनी करून दाखवलं. त्यांचंही खोटं नाही. पण आजीचं वाक्य बारा जोड्यांवर सिद्ध झालेलं आहे, हे त्यांना कळवायचं राहून गेलं. फी भरून झाली होती.

मग २००७ साली एक जनुक सापडलं. नाव 'एफटीओ'. त्यातल्या एका अक्षराचा फरक आईकडूनही आला आणि बापाकडूनही आला, तर माणूस सरासरी तीन किलो जड निघतो. तीन किलो म्हणजे मामांच्या हिशेबात एक टीप. त्यानंतर असे शेकड्यांनी फरक सापडले, एकेकाचा भार चिमूटभर. मजेची गोष्ट अशी, की यातल्या बऱ्याच जनुकांचं काम पोटात नाही, चरबीतही नाही. ते डोक्यात चालतं, भूक कधी लागली आणि पोट कधी भरलं हे जिथे ठरतं तिथे. म्हणजे मिरजेहून मी हाडं जड आणलेली नाहीत. आणला आहे तो कान. स्वयंपाकघरात फराळाच्या डब्याचं झाकण उघडलं, की तो आवाज मला बंद दारातून, चालू मिक्सरमधून, झोपेतूनही ऐकू येतो. आईला येतो. लेकीला येतो. नवऱ्याला मात्र सत्तावीस वर्षांत एकदाही आलेला नाही. तो संयमी आहे असं सगळे म्हणतात. मला वाटतं तो बहिरा आहे.

इतकं झाल्यावर मी सासूबाईंसमोर पान टाकून म्हणणार होते, की बघा, सगळं रक्तात आहे. पण आमची लेक संख्याशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आई, थांब. २००५-०६ साली देशातल्या शंभरातल्या साडेबारा बायका जाड होत्या. २०१९-२१ ला चोवीस. पंधरा वर्षांत जनुकं दुप्पट झाली का?"

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे. वाद घालायची सोय नाही. खाण तीच, रक्त तेच, आणि तरी मातीचे ढीग दुप्पट. गाल्टनच्या उमरावांचंही तेच निघालं होतं: आजोबांच्या पिढीने तरुणपणीच भराभर वजन चढवलं, आणि नातवंडांची पिढी सावकाश चढली. वंश तोच, उपाधी तीच, तराजूसुद्धा तोच. फक्त जेवणाचं टेबल बदललं होतं. लेकीने समजावलं ते असं: एका पंगतीत बसलेल्यांत कोण जाड आणि कोण बारीक, हे बरंचसं रक्त ठरवतं, पण सगळी पंगतच किती जाड होणार, हे वाढपी ठरवतो. आजीच्या काळात बासुंदीला वाडीला जावं लागायचं. आता ती दहा मिनिटांत दारात येते, आणि आणणाऱ्याला जिना माझ्याऐवजी चढावा लागतो.

तेव्हा ढवळ्या-पवळ्याची म्हण अगदीच टाकाऊ नाही. मग मला गुण कुणाचा लागला?

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या लोकांची तब्येत तपासत आले आहेत. तिथल्या १२,०६७ माणसांच्या नात्यागोत्यांचं जाळं २००७ साली निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी मांडलं. नवरा किंवा बायको लठ्ठ झाली, तर जोडीदार लठ्ठ होण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी वाढते. भावंड झालं तर ४० टक्के. आणि मित्र झाला तर ५७ टक्के! शेजाऱ्याचा परिणाम शून्य. यावर पुढे संख्याशास्त्रज्ञांनी बरंच भांडण काढलं, की एकाचं बघून दुसरा जाड झाला की एकाच आवडीचे दोघे एकत्र आले, हे या गणितातून सांगता येत नाही. ते भांडण त्यांचं त्यांना लखलाभ. मला माझा गोठा सापडला होता.

सकाळी आठ सतराची लोकल, लेडीज डबा, खिडकीकडच्या आम्ही सहाजणी. ठाणे यायच्या आत सहा डबे उघडतात. सोमवारी साबुदाण्याची खिचडी, मंगळवारी कुणाच्या तरी पोराच्या वाढदिवसाचा उरलेला केक, बुधवारी बीडचं बाजरीचं काहीतरी, आणि शुक्रवारी पगार झालेला असला तर दादरला उतरून वडे. एकवीस वर्षं. घरी पवळ्याला ढवळ्याशेजारी बांधलं होतं हे खरं, पण तो चरायला आठ सतराच्या गोठ्यात जात होता. सासूबाईंची म्हण बरोबर होती. दावणीचा पत्ता चुकला होता.

हे सगळं मी हसतखेळत वाचत होते, तोवर मोठ्या दिरांचा रिपोर्ट आला. साखर. तीही बरीच. घरात असा सन्नाटा पसरला, जणू कुणी त्यांना चोरीच्या आरोपात अडकवलं होतं. "आमच्यात कुणाला नाही," सासूबाई दहा वेळा म्हणाल्या आणि दहाही वेळा माझ्याकडे बघितलं. संसर्गजन्य असतं तर कुणाकडून आलं असतं, हे त्यांच्या मनात स्पष्ट होतं. मलाही आधी नवल वाटलं. बनियनमध्ये बरगड्या मोजता येतात अशा माणसाच्या अंगात चरबी राहते कुठे?

त्याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. शेजारी-शेजारी उभे, अंगाने सारखे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागलं की जो आकडा येतो, तो दोघांचाही २२.३. कुठलाही शिंपी म्हणेल, दोघांना एकच सदरा चालेल. आणि चरबी मोजली तर युडकिनसाहेबांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्या लोकांची चरबी बाहेर दिसत नाही, आत, पोटात बसते. आणि ही कथा जन्माआधीच सुरू होते. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडात साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, आपलं बाळ हाडामांसाने मागे, पण कातडीखालच्या चरबीत त्या गोऱ्या बाळाच्या जवळपास. याज्ञिकांच्या या शोधाला 'बारीक-लठ्ठ' बाळ असं नाव पडलं. आईच्या पोटातलं खाणंपिणं हे रक्त धरायचं की घर धरायचं? तिथे खाण आणि गोठा एकच असतात, म्हणींची पंचाईत होते.

मी हे दिरांना सांगितलं. ते बराच वेळ फोटो बघत राहिले. "म्हणजे मी आतून तुझ्यासारखा आहे," ते म्हणाले. सत्तावीस वर्षांत सासरच्या माणसाने माझ्याशी सांगितलेलं हे पहिलं नातं. माझी साखर, जाता जाता सांगते, नॉर्मल आहे. हा रिपोर्ट मी फ्रिजवर लावला होता, पण लेकीने तो काढायला लावला. म्हणाली, शोभत नाही.

लेकीनेच मागे एक कुत्री आणली. लॅब्रॅडॉर, बिस्किटी रंगाची, म्हणून नाव खारी. सासूबाईंचा पहिल्या दिवशी विरोध होता. खारी वर्षाची होईपर्यंत काडीसारखी होती आणि सासूबाई म्हणायच्या, "आमच्यावर गेलीये." दोन वर्षांची झाली आणि जनावरांच्या डॉक्टरांनी तिला काट्यावर उभी केली. काटा चाळीसवर गेला. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांकडे क्रमाने बघितलं आणि माझ्यावर नजर स्थिर करून विचारलं, "घरी हिला खायला कोण घालतं?"

त्यांचाही दोष नाही. नेदरलँड्समध्ये अभ्यास झाला आहे, कुत्र्यांचा जाडेपणा मालकांच्या जाडेपणाशी जुळतो. मांजरांचा नाही, मांजर कुणाचं ऐकत नाही, याही बाबतीत नाही. पण मी ते ऐकून घेणार नव्हते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलंय, की लॅब्रॅडॉर कुत्र्यांत साधारण चारातल्या एकाच्या 'पीओएमसी' नावाच्या जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप त्यांच्या डोक्यापर्यंत नीट पोचत नाही. ती सदैव अन्नाच्या मागावर असतात, आणि म्हणूनच खाऊ दाखवून त्यांना काहीही शिकवता येतं. आंधळ्यांना आणि अपंगांना मदत करणाऱ्या कुत्र्यांत हा गळालेला तुकडा बहुसंख्यांकडे सापडला. हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे. पण घालतं कोण?"

मी खरंच घालत नाही. मोजून दोन वेळा, वाटीने. कोण घालतं, ते त्याच रात्री कळलं.

साडेअकरा वाजले असतील. नवरा शेजारी गाढ. आणि मला तो आवाज आला. फराळाचा मोठा डबा, त्याचं झाकण जरा घट्ट बसतं, आधी एक कुरकुर आणि मग 'टप्'. मी उठले. पॅसेजमध्ये लेक भेटली, तीही उठून आली होती. आम्ही काही बोललो नाही. स्वयंपाकघरात दिवा नव्हता, फक्त देवापुढचा छोटा बल्ब. ओट्याला टेकून सासूबाई उभ्या, पदर नेहमीसारखा घसरलेला. पायाशी खारी, मान वर, शेपटी फरशीवर आपटत. सासूबाई डब्यातली एक-एक शंकरपाळी काढून तिच्या तोंडात देत होत्या आणि तिला दटावत होत्या, "एवढंच हं. आता बास. सडसडीत राहायचं आपण."

आम्हाला बघून त्या दचकल्या नाहीत. डबा तेवढा जरा आमच्याकडे सरकवला.